सहा मिनिटांच्या अंधारासाठी इतक्या दूर जावे का?

पत्राचा सारांश: पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचकांना आकाशनिरीक्षणाची जुनी आवड आहे, पण खग्रास सूर्यग्रहण त्यांनी एकदाही पाहिलेले नाही. 2 ऑगस्ट 2027 रोजीचे ग्रहण पाहण्यासाठी इजिप्तमधील लक्सरला जावे, असे त्यांच्या मनात बरेच दिवस घोळते आहे. पत्नीचे म्हणणे असे की, सहा मिनिटांच्या अंधारासाठी इतका खर्च आणि दगदग कशाला. ढग आले तर तेही हाती लागणार नाही, आणि थेट प्रक्षेपण घरबसल्या दिसतेच. खुद्द वाचकांनाही शंका आहे, कारण काही वर्षांपूर्वी नऊ दशांश सूर्य झाकला गेलेले खंडग्रास ग्रहण पाहिले तेव्हा त्यांना ‘फारसे काही वाटले नाही’. मध्यममार्ग म्हणून एका मित्राकडे जाण्याचा विचार ते करत आहेत. मित्राचे शहर खग्रास पट्ट्याच्या थोडे बाहेर असून तेथे सूर्य 97 टक्के झाकला जाणार आहे. जावे का, एकट्याने जावे का आणि त्यासाठी चांगला कॅमेरा घ्यावा का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

उत्तर:

तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांपेक्षा तुम्ही न विचारलेली गोष्ट, म्हणजे तुमचा मध्यममार्ग, मला अधिक काळजीची वाटली, म्हणून सुरुवात तेथूनच करते. मित्राला भेटायचे असेल तर जरूर जा. मात्र ग्रहणासाठी म्हणून 97 टक्क्यांच्या शहरी जाऊ नका. प्रवासाचा बहुतेक सगळा खर्च करून, रजा घालवून, उन्हात उभे राहून तुम्ही पुन्हा तेच पाहाल जे एकदा पाहून तुम्हाला फारसे काही वाटले नव्हते, आणि त्यानंतर खग्रास ग्रहणाविषयीचे तुमचे मत कायमचे प्रतिकूल होईल.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, आणि ते इतके स्वाभाविक आहे की बहुतेकांच्या मनात असतेच: नऊ दशांश ग्रहण पाहिले म्हणजे खग्रास ग्रहणाच्या अनुभवातला नऊ दशांश भाग पदरी पडला, आता प्रश्न उरतो तो शेवटच्या दहाव्या हिश्शासाठी एवढा खटाटोप करावा का इतकाच. प्रत्यक्षात प्रकाशाचा हिशेब असा चालत नाही. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे, आणि सूर्याभोवतीचे प्रभामंडल (करोना), म्हणजे खग्रास स्थितीतच डोळ्यांना दिसणारे त्याचे बाह्य वातावरण, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकेच उजळ असते. सूर्यबिंबाचा 3 टक्के भाग उघडा राहिला, तर बिंबाची कड मध्यभागापेक्षा मंद असते हे धरूनही, तेवढ्या कोरीचा प्रकाश प्रभामंडलाच्या हजारो पट भरतो. म्हणून 97 टक्क्यांनाही प्रभामंडल दिसत नाही. 99 टक्क्यांनाही दिसत नाही. त्यातच आपला डोळा कमी होत जाणाऱ्या प्रकाशाशी इतक्या सहजपणे जुळवून घेतो की, ग्रहण चालू आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला नऊ दशांश सूर्य झाकला तरी ऊन जरा मलूल वाटते, यापलीकडे काही जाणवेलच असे नाही. तेव्हा तुम्हाला ‘फारसे काही वाटले नाही’ यात तुमच्या संवेदनशीलतेचा दोष नव्हता, आणि त्या अनुभवावरून खग्रास ग्रहणाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

खग्रास स्थितीत नेमके काय दिसते, हे थोडक्यात सांगते, कारण ‘सहा मिनिटांचा अंधार’ हे वर्णन मला अपुरे वाटते. अंधार हा त्यातला सर्वांत सामान्य भाग आहे, आणि तोही पुरता नसतो. सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशाइतका असतो. खरा फरक शेवटच्या काही मिनिटांत पडू लागतो. सूर्याची कोर जसजशी बारीक होते तसतसा प्रकाशाचा उगम जवळजवळ रेषेसारखा होतो, आणि सावल्यांची कड एका दिशेने विलक्षण रेखीव दिसू लागते; जमिनीवर पसरलेल्या स्वतःच्या हाताच्या सावलीत मनगटावरचे केस सुटे सुटे मोजता यावेत इतकी. झाडाखाली, पानांच्या फटींतून पडणारा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीच्या आकाराचा झालेला असतो. ऊन संध्याकाळसारखे तांबूस न होता रंगच गमावल्यासारखे, राखी-रुपेरी होते. हवा गार पडते. पश्चिमेकडे क्षितिज मोकळे असेल तर चंद्राची गडद सावली वादळासारखी अंगावर येताना दिसते. तिचा वेग ताशी हजारो किलोमीटरही असू शकतो. मग चंद्राच्या कडेवरील दऱ्यांमधून झिरपणारे उन्हाचे शेवटचे ठिपके, ज्यांना फ्रान्सिस बेली यांनी 1836 च्या ग्रहणात त्यांचे वर्णन केल्यापासून ‘बेलीचे मणी’ म्हणतात, एकामागून एक विझतात. शेवटचा मणी क्षणभर अंगठीतल्या हिऱ्यासारखा लखलखून जातो, आणि सूर्याच्या जागी एक काळेभोर वर्तुळ आणि त्याच्याभोवती दूरवर पसरलेल्या पांढुरक्या पाकळ्या उरतात. काळ्या वर्तुळाच्या कडेला कधी कधी लहानशा गुलाबी ज्योती दिसतात. शुक्र दिवसाउजेडी प्रकटतो. क्षितिजावर चहूबाजूंनी सूर्यास्ताचे रंग असतात, कारण सावलीच्या पलीकडे, चारी दिशांना, ऊन पडलेलेच असते.

छायाचित्रांत हे का उतरत नाही, याचेही कारण आहे. प्रभामंडलाचा आतला भाग बाहेरच्या भागाच्या मानाने कितीतरी पटींनी उजळ असतो, आणि डोळा ते दोन्ही एकाच वेळी टिपतो, तर कॅमेऱ्याला त्यासाठी निरनिराळ्या उघडझापीची (एक्स्पोजरची) अनेक चित्रे घेऊन ती नंतर जुळवावी लागतात. थेट प्रक्षेपणाबद्दल पत्नीचा मुद्दा त्यामुळे अर्धाच खरा आहे. सूर्य कसा झाकला गेला हे पडद्यावर समजते. आजूबाजूचे जग त्याच वेळी कसे बदलले हे पडद्याच्या चौकटीत मावत नाही.

आता दुसरी बाजू. खग्रास ग्रहणाविषयी आपण जी भारावलेली वर्णने ऐकतो ती करणारी माणसे कोण असतात, याचा विचार क्वचितच होतो. ती बहुधा दूर जाऊन, खर्च करून, स्वच्छ आकाश लाभून परतलेली माणसे असतात. ज्यांच्या डोक्यावर ढग होते किंवा ज्यांना विशेष काही वाटले नाही ती गप्प बसतात. ‘आयुष्य बदलून टाकणारा अनुभव’ अशी जाहिरात वाचून निघणाऱ्या माणसावर आधीच एक ओझे पडते, आणि त्या सहा मिनिटांत तो आकाश पाहायचे सोडून आपले आयुष्य बदलते आहे का हे तपासत राहतो. तुमचे आयुष्य बदलणार नाही. तुम्ही निसर्गातले एक असे दृश्य पाहाल ज्याची बरोबरी करणारे फारसे काही माझ्या माहितीत नाही. माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे, पण ते तुमच्या मतेही पुरेसे असले पाहिजे.

हे ठरवायचे कसे? मिनिटागणिक खर्चाचा हिशेब मांडू नका. पहिल्या स्पर्शापासून शेवटच्या स्पर्शापर्यंत ग्रहण अडीच-पावणेतीन तास चालते हे खरे, पण तो युक्तिवादही मी करणार नाही, कारण माणसे जातात ती खग्रास मिनिटांसाठीच. त्याऐवजी स्वतःला असे विचारा: ग्रहणाच्या दिवशी आकाश पूर्ण झाकलेले राहिले, अंधार पडला आणि सरला, वर काहीच दिसले नाही, तर परतीच्या वाटेवर ‘गेलो ते बरे केले’ असे मला म्हणता येईल का? येईल असे वाटत असेल तर जा. येणार नसेल तर प्रवासाचा आराखडा बदला, म्हणजे येईल असा करा. मुक्काम वाढवा, ज्या ठिकाणी एरवीही जायला आवडले असते ते निवडा. आणि ढगांच्या कल्पनेनेच पोटात गोळा येत असेल, कारण त्यासाठी कर्ज काढावे लागणार आहे किंवा घरातल्या अत्यावश्यक गरजेचे पैसे वळवावे लागणार आहेत, तर या वेळी जाऊ नका. ढगांचा धोका काल्पनिक नाही. या शतकातले सर्वांत लांब खग्रास ग्रहण 22 जुलै 2009 चे होते, कमाल 6 मिनिटे 39 सेकंदांचे, आणि त्या दिवशी शांघायमध्ये जमलेल्या लोकांना पाऊस पाहावा लागला.

ढगांपुरते बोलायचे तर तुमची निवड उत्तम आहे. ऑगस्टमध्ये लक्सरच्या आकाशात ढग जवळजवळ नसतातच, आणि ते शहर खग्रास पट्ट्याच्या मध्यरेषेच्या इतके जवळ आहे की तेथे खग्रास स्थिती सव्वासहा मिनिटांच्या आसपास टिकेल. या ग्रहणाची कमाल 6 मिनिटे 23 सेकंद आहे. परंतु प्रत्येक ठिकाण काहीतरी देते आणि काहीतरी घेते. लक्सरला त्या काळात तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि ग्रहणाचा मध्य ऐन दुपारी, एकच्या सुमारास आहे. सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, म्हणजे मान वर करून उभे राहण्यापेक्षा सतरंजीवर आडवे पडणे श्रेयस्कर, आणि ग्रहणाआधीचा दीड तास सावलीत काढणे आवश्यक. हाच पट्टा स्पेनचे दक्षिण टोक आणि मोरोक्कोचा उत्तर भाग यांवरूनही जातो. तेथे हवा त्या मानाने सुसह्य असते, सूर्य पूर्वेकडे बराच खाली असतो आणि त्यामुळे जमीन, समुद्र आणि ग्रहण एकाच नजरेत येतात. पण मिनिटे कमी मिळतात, आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत पूर्वेचा वारा सुटला की किनाऱ्याला चिकटून ढग साचतात. उष्णतेचा त्रास होणाऱ्या माणसाने मिनिटांच्या मोहात न पडता तिकडचा विचार करावा, असे माझे मत आहे. सहा मिनिटांचे ग्रहण तीन मिनिटांच्या ग्रहणापेक्षा दुप्पट चांगले असते असे मुळीच नाही. दोन मिनिटांची ग्रहणे पाहूनही माणसे तृप्त होऊन परतली आहेत.

याच संदर्भात एक बारकावा सांगते, कारण त्यामुळे बराच खर्च आणि मनस्ताप वाचतो. मध्यरेषेवरच मुक्काम हवा असा हट्ट अनेकजण धरतात आणि तेथील जागा सर्वांत आधी संपतात. सावली साधारण गोल असल्यामुळे मध्यरेषेपासून पट्ट्याच्या कडेपर्यंतचे निम्मे अंतर बाहेर सरकलात तरी खग्रास काळ सुमारे 13 टक्क्यांनीच घटतो. तो झपाट्याने घटतो तो कडेच्या जवळ. लक्सरजवळ पट्टा सुमारे अडीचशे किलोमीटर रुंद आहे, तेव्हा मध्यरेषेपासून साठ किलोमीटर दूर राहिलात तरी फारसे काही गमावत नाही. मात्र कड ओलांडून एक किलोमीटर बाहेर राहिलात तर खग्रास ग्रहण सगळेच्या सगळे गमावता. प्रवास कंपनीमार्फत जाणार असाल तर ‘ग्रहणक्षेत्रात निवास’ अशा मोघम शब्दांवर समाधान मानू नका. ज्या जागेवर उभे करणार त्या जागेचे नेमके स्थान आणि तेथील खग्रास काळ किती मिनिटे, किती सेकंद, हे लेखी मागून घ्या. जो हे सांगू शकत नाही त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

‘आता नाही तर कधीच नाही’ या दडपणाविषयीही लिहिले पाहिजे. एका ठरावीक ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी सुमारे 375 वर्षांतून एकदा येते, म्हणून घरी बसून वाट पाहण्यात अर्थ नाही, हे बरोबर. परंतु पृथ्वीवर कोठे ना कोठे ते साधारण दीड वर्षाने होतच असते. 22 जुलै 2028 ला ते ऑस्ट्रेलियात सिडनीवरून आणि पुढे न्यूझीलंडच्या दक्षिण भागातून जाईल. 25 नोव्हेंबर 2030 ला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात आणि ऑस्ट्रेलियात. 2 सप्टेंबर 2035 ला चीन, कोरिया आणि जपानमध्ये. 2027 ची मिनिटे अधिक आहेत आणि आकाशाची खात्री अधिक आहे, एवढेच त्याचे वेगळेपण. घरात आजारपण असेल, नोकरीत अडचण असेल, तर पुढच्या एखाद्या ग्रहणासाठी आतापासून थोडे थोडे पैसे बाजूला टाकणे हा अगदी सन्मान्य पर्याय आहे. तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत आधीच ठाऊक असलेला दुसरा कोणता निसर्गसोहळा आहे? फक्त ‘पुढच्या वेळी’ या शब्दांना तारीख जोडा, नाहीतर पन्नाशीनंतर ती वेळ लांबतच जाते.

पत्नीच्या आक्षेपाविषयी मला असे वाटते की तुम्ही त्यांना ग्रहण पटवून देण्याचा प्रयत्न करत आहात आणि तो थांबवावा. त्यांचा विरोध कदाचित ग्रहणाला नसून, आपले सामाईक पैसे आणि सामाईक रजा एका माणसाच्या आवडीवर जात आहेत, याला असेल. तसे असेल तर प्रभामंडलाचे कितीही रसाळ वर्णन केले तरी उपयोग होणार नाही. त्यांना सरळ विचारा. त्यांच्या मनात असलेला एखादा प्रवास किंवा एखादी खरेदी वर्षानुवर्षे मागे पडत आली आहे का, हेही विचारा, आणि उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा. दोघांनी जायचे ठरले, तर त्या प्रवासात त्यांच्यासाठी ग्रहणापलीकडे काहीतरी असले पाहिजे. लक्सरला कर्नाकचे मंदिर आणि नाइलपलीकडची राजांची दरी आहे, त्यामुळे हे अवघड नाही, फक्त ऑगस्टच्या उन्हात ती ठिकाणे सकाळी लवकर पाहावी लागतील. त्यांना खरोखरच यायचे नसेल तर एकट्याने जाण्यात गैर काही नाही. नाराज माणसाला आग्रहाने नेऊन ऐन दुपारी चाळीस अंशांत उभे करण्यापेक्षा ते कितीतरी बरे. मात्र एकटे गेल्याचा अपराधीपणा बरोबर घेऊन जाऊ नका, आणि परत आल्यावर ‘तू यायला हवे होतेस’ हे वाक्यही टाळा.

जायचे ठरल्यास तुम्हाला आणि इतर इच्छुक वाचकांना उपयोगी पडतील अशा काही सूचना करते. ग्रहण तुमच्यासाठी थांबणार नाही, त्यामुळे मुक्कामी निदान दोन दिवस आधी पोहोचा. एखादे विमान चुकले किंवा रद्द झाले तर सावरायला अवधी हवा. ग्रहणाच्या दिवशी सकाळी लांबचा प्रवास ठेवू नका, आणि ग्रहण संपल्यावर लगेच निघू नका. अमेरिकेत 2017 आणि 2024 च्या ग्रहणांनंतर सगळे एकाच वेळी निघाल्यामुळे रस्ते तासन्‌तास तुंबले होते. जेथे ढगांची शक्यता आहे अशा ठिकाणी आदल्या दिवशी जागा बदलण्याची तयारी ठेवावी, पण शेवटच्या तासात ढगांशी शर्यत लावू नये. जेथे ग्रहण सूर्यास्ताच्या जवळ असते, जसे 12 ऑगस्ट 2026 चे स्पेनमध्ये, तेथे जागा निवडताना पश्चिमेचे क्षितिज डोंगर-इमारतींनी अडलेले नाही ना, हे आधीच्या एखाद्या संध्याकाळी त्याच वेळी प्रत्यक्ष उभे राहून पाहावे.

डोळ्यांबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे ते भाजत असताना काही कळत नाही आणि इजा कायमची ठरू शकते. आयएसओ 12312-2 या मानकाचा सौरचष्मा विश्वासू विक्रेत्याकडून घ्या, त्यावर ओरखडा किंवा छिद्र असेल तर तो फेकून द्या, आणि सूर्याची कोर दिसते आहे तोवर तो काढू नका. तो चष्मा लावून दुर्बिणीतून पाहणे तर अतिशय घातक आहे. दुर्बिणीने एकवटलेले ऊन चष्म्याला जाळून डोळ्यापर्यंत पोहोचते. उलट, शेवटचा मणी विझला की चष्मा काढलाच पाहिजे, नाहीतर काहीच दिसणार नाही. भीतीपोटी संपूर्ण खग्रास काळ चष्मा लावून बसलेली आणि नंतर ‘नुसता अंधार होता’ म्हणणारी माणसे असतात. तुमच्या जागेच्या खग्रास काळापेक्षा वीस-पंचवीस सेकंद कमी धरून घड्याळात गजर लावा, तो खग्रास सुरू होताच चालू करा, आणि तो वाजला की डोळ्यांना लावलेली दुर्बीण खाली ठेवा.

कॅमेरा घेऊ नका. पहिल्याच ग्रहणात नव्या कॅमेऱ्याशी झटापट करणाऱ्याची मिनिटे सौरगाळणी (सोलर फिल्टर) काढण्यात, नीट न जमलेला फोकस जुळवण्यात आणि पडद्यावर चित्र आले का हे पाहण्यात जातात, आणि मान वर होते तेव्हा हिरा पुन्हा चमकलेला असतो. मोबाइल एका कडेला तिकाटण्यावर उभा करा, आकाशाऐवजी माणसांकडे आणि क्षितिजाकडे तोंड करून, खग्रास सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी ध्वनिचित्रण चालू करा आणि त्याच्याकडे परत पाहू नका. लोकांचे आवाज, पक्ष्यांची गडबड आणि उतरत जाणारा उजेड त्यात आपोआप येतो. कॅमेऱ्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून 7×50 किंवा 10×50 ची (म्हणजे सात किंवा दहा पट मोठे दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) एक साधी, चांगली दुर्बीण घ्या. खग्रास काळात तिच्यातून गुलाबी ज्योती आणि प्रभामंडलाचे बारीक तंतू दिसतील, आणि ग्रहणानंतरही ती तुम्हाला वर्षानुवर्षे वापरता येईल. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या आधी आणि नंतर तिच्या दोन्ही भिंगांवर पुढच्या बाजूने सौरगाळणी घट्ट बसवलेली असली पाहिजे, तेव्हा दुर्बीण घेताना त्या मापाच्या गाळण्याही मागून घ्या आणि घरीच एक-दोनदा लावून-काढून पाहा.